चार नंबरच्या खाटेचा कठडा

"बाई, नर्सिंगला एकूण खर्च किती येतो हो?"

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी हा प्रश्न सदाशिव पेठेतल्या माझ्या दाराची बेल अजून वाजवतो. कोणी ओळखीतून येतं, कोणी ओळखीच्याच्या ओळखीतून. समोर एक बाप, शेजारी मुलगी, मुलीच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. मी नर्सिंगच्या शाळेत ट्यूटर होते. म्हणजे मुलींना वर्गात शिकवायचं, वॉर्डात नेऊन काम करून घ्यायचं आणि चुकल्या की ओरडायचं. यातलं तिसरं काम मी फार मनापासून केलं, असं माझ्या मुली एकमेकींना सांगतात.

बापाला मी फी सांगते. मग हॉस्टेल सांगते, पांढरे बूट सांगते, जे वॉर्डात फिरून फिरून वर्षाच्या आत तळातून जातात. शाळा मुलीची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेते आणि मध्येच सोडायचं म्हटलं तर सगळ्या वर्षांची फी मागते, हेही सांगते. तीन वर्षं ती वॉर्डात राबणार, लोकांची उलटी-लघवी काढणार, पण तोवर ती नर्स नाही. शेवटची परीक्षा पास झाली, नर्सिंग परिषदेकडं नोंदणी झाली, नंबर हातात आला, की नर्स. तो नंबर नसेल तर तीन वर्षांचं तिनं काय केलं, हे विचारायलाही कोणी येत नाही.

"ते झालं," बाप म्हणतो, "पण एकूण?"

"फी सांगता येते. एकूण सांगता येत नाही."

बाप समजतो, म्हातारी पुणेरी आहे, फटकळ आहे. आहेच. पण मला खरोखरच सांगता येत नाही, आणि त्याचं कारण रूपाली.

रूपाली कात्रजच्या पलीकडच्या गावातली. वडील टेम्पोनं गावचं दूध डेअरीला पोचवायचे आणि घरी तीन म्हशी होत्या. पहिल्या वर्षाची फी भरताना एक म्हैस गेली. दुसऱ्या वर्षी दुसरी. तिसऱ्या वर्षी टेम्पोतला वाटा विकला, आणि त्याच वर्षी पोरीला हॉस्टेलच्या पाण्यानं कावीळ झाली. पिवळ्या डोळ्यांनी ती परीक्षेला बसली. लेखी निघालं, प्रात्यक्षिकात आडवी झाली. पुन्हा सहा महिने, पुन्हा फी, पुन्हा हॉस्टेल. वडील त्या वेळी मला भेटायला आले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, आता गोठ्यात एकच म्हस ऱ्हायली. तिच्या दुधावर घर चालतंय. ह्या बारीला पोरगी पास न्हाई झाली, तर तिला मी घेऊन जानार. म्हस इकनार न्हाई."

मी म्हटलं, "तीन वर्षं पाण्यात जातील हो."

"जाऊ द्या. घरात ल्हान पोरं हायती."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रागावलेल्या बापाला समजावता येतं. हिशेब करून आलेल्याला काय समजावणार?

आता प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. ही परीक्षा खऱ्या वॉर्डात, खऱ्या पेशंटवर होते. मुलगी चिठ्ठी उचलते, चिठ्ठीत खाटेचा नंबर. त्या पेशंटची सगळी माहिती काढायची, काळजीचा आराखडा लिहायचा आणि सांगितलेलं काम परीक्षकांसमोर करून दाखवायचं. एक परीक्षक शाळेतला, म्हणजे मी. दुसरा बाहेरगावचा. आणि एक नियम असा की ट्रॉली लावून काम सुरू केलं की खाट सोडायची नाही. साबण विसरलात तरी नाही. साबण विसरलात हीच चूक, गुण कापले, संपलं.

या दिवशी पेशंट हे वॉर्डातले राजे असतात. एरवी ज्यांना पाणी मागून मागून घसा कोरडा पडतो, त्यांच्या उशाशी आदल्या संध्याकाळी मुली नारळपाणी घेऊन उभ्या. "आजी, उद्या माझी चिठ्ठी तुमची निघाली तर नीट उत्तरं द्याल ना?" बनेल पेशंट याचा पुरेपूर फायदा घेतात. एका आजोबांनी माझ्या एका विद्यार्थिनीकडून पायाला तेल लावून घेतलं होतं आणि परीक्षेत परीक्षकांना सांगितलं की ही कोण मुलगी, मी आजच बघतोय.

आणि वॉर्ड? वॉर्डाचं तर लग्नघर होतं. नव्या चादरी निघतात, खाटांना रंग लागतो, भिंतीवरचे तक्ते पुसले जातात. जे जे जुनं, गंजलेलं, डागाळलेलं, ते उचलून अडगळीच्या खोलीत. बाहेरच्या परीक्षकानं वाईट शेरा मारला तर शाळेची मान्यता धोक्यात, म्हणून हा सगळा थाट. आमच्या वॉर्डात एक जुनं सक्शन मशीन होतं. घशात कफ किंवा उलटी अडकली की ती ओढून काढायचं यंत्र. त्याचं एक चाक मोडलेलं, बाटली पिवळी पडलेली, आवाज पिठाच्या गिरणीसारखा. पण चालायचं. त्या वर्षी शाळेनं नवं मशीन आणलं होतं, चकचकीत, अजून प्लास्टिकच्या वेष्टणात. आदल्या दिवशी आमचे प्राचार्य वॉर्डातून फिरले, जुन्या मशीनकडं बघून त्यांनी नाक मुरडलं आणि म्हणाले, "हे ध्यान आधी हलवा."

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "सर, नवं अजून लावून बघितलेलं नाही."

"उद्या एक दिवस तर आहे. उद्या कोण मरतंय?"

रूपाली आणि अजून एकीनं ते मशीन ढकलत मागच्या अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवलं.

सकाळी बाहेरच्या परीक्षक आल्या. सबनीस मॅडम. उंच, सडपातळ, सुती साडी, आणि हातात स्टीलचा डबा. तो डबा बघून मुलींची पाचावर धारण बसली. कारण परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांना जेवू घालायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. मुली वर्गणी काढतात, श्रीखंड-पुरीचं ताट येतं, वर साडी नाहीतर पर्स. हासुद्धा नर्स होण्याचा खर्चच, पण तो फीच्या पावतीवर येत नाही. परीक्षक घरून डबा घेऊन आली म्हणजे श्रीखंडानं विरघळणार नाही हे उघड होतं. श्रीखंड दुपारी प्राचार्यांनी खाल्लं.

रूपालीची चिठ्ठी निघाली चार नंबरची. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

चार नंबरवर लेले काका. पोस्टातून निवृत्त झालेले, राहायला माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मोरीत घसरून मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झालेले, त्यात मधुमेह. त्यांना कुशीवर वळवायचं तरी दोन माणसं लागत. आणि तोंड? अहो, सकाळच्या चहापासून रात्रीच्या गोळीपर्यंत त्या माणसाची तक्रार संपत नसे. उशी उंच आहे, पंखा वाजतो, पोह्यांत कोथिंबीर नाही, शेजारचा घोरतो. मुलींनी नारळपाणी दिलं तर म्हणाले, "हे कोणत्या आनंदात?"

रूपाली माहिती घ्यायला बसली. "काका, तुमाला शुगर कवापासून हाय?"

काकांनी चष्मा वर केला. "आहे. हाय नव्हे. आणि कवापासून नव्हे, केव्हापासून."

"केव्हापासून हाय?"

काकांनी डोळे मिटून घेतले. मग माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "बाई, आपल्याकडे दुसरी मुलगी नाही का? मला हिचं बोलणं कळत नाही आणि हिला माझं कळत नाहीसं दिसतंय."

मी म्हटलं, "काका, चिठ्ठी तिची निघाली आहे. लॉटरीत नंबर बदलून मिळत नाही."

"मग माझं नशीब," काका म्हणाले. हे सगळं सबनीस मॅडम दोन खाटांवरून ऐकत होत्या. त्यांनी टाचणीएवढ्या अक्षरात काहीतरी लिहिलं. रूपालीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण पोरीनं मान खाली घालून सगळी माहिती लिहून काढली. शुगर, गोळ्या, काय खातात, काय वर्ज्य, सगळं.

तिला काम आलं होतं, खाटेवरच पेशंटला अंघोळ घालायची. ऐकायला सोपं वाटतं. पण यात नर्सची सगळी परीक्षा होते. चादरीखाली रबरी कापड घालायचं, पाण्याची ऊब तपासायची, एकावेळी एकच अवयव उघडा करायचा, तो पुसून, कोरडा करून, झाकून मगच पुढचा. म्हाताऱ्या माणसाला लाज वाटू नये आणि थंडी वाजू नये. आणि खाटेच्या बाजूचे लोखंडी कठडे! ज्या बाजूला तुम्ही उभे, तेवढाच खाली. तुम्ही तिथून हललात तर तो आधी वर. ओलं अंग, खाली रबर, त्यात मोडलेलं हाड. घसरला तर संपलंच.

रूपालीनं सुरुवात छान केली. चेहरा झाला, हात झाले. काका कुरकुरत होते, "पाणी कोमट आहे की गार, ठरव एकदा." तिनं बोटं बुडवून पाहिली, गरम पाणी घातलं. मी टेबलाशी जाऊन दुसऱ्या मुलीचे कागद बघायला लागले. सबनीस मॅडम त्या वेळी नऊ नंबरपाशी होत्या.

नऊ नंबरवर अन्वरभाई. बुधवार पेठेत त्यांची पुस्तकं बांधायची जुनी गाळ्याएवढी जागा. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली होती, अन्न नाकातल्या नळीतून. त्यांची बायको दिवसभर स्टुलावर बसून त्यांचा हात चोळायची. त्या दिवशी दुसऱ्या एका मुलीला त्यांना नळीतून अन्न देण्याचं काम होतं. ती बरोबर करत होती, मी शपथेवर सांगेन. पण अन्वरभाईंना खोकला आला, आणि खोकल्याबरोबर सगळं उलटून घशाशी आलं.

आधी आवाज आला, गुळण्या केल्यासारखा. मग तोही बंद झाला, आणि ते जास्त वाईट. मी धावले. अन्वरभाईंचे ओठ निळे पडत होते. आम्ही त्यांना कुशीवर वळवलं, तोंडात बोट घालून निघेल तेवढं काढलं. पण आतलं निघेना. इन्चार्ज सिस्टरनी नवं मशीन ओढलं, प्लास्टिक फाडलं, बटण दाबलं. मशीन मंजुळ गुणगुणलं आणि काही ओढेना! झाकणाची रबरी कडी आलीच नव्हती बरोबर. नुसती हवा जात होती. अन्वरभाईंची बायको आमच्या पदराला धरून "कुछ करो बाई, कुछ करो" म्हणत होती.

"जुनं कुठाय? जुनं!" सिस्टर ओरडल्या.

माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत वॉर्डाच्या दारातून पांढरा गणवेश पळत गेलेला दिसला. चार नंबरवरून.

मशीन कुठं आहे ते वॉर्डात उभ्या असलेल्यांपैकी रूपालीलाच नेमकं माहीत होतं, कारण तिनंच ते कपाटामागं सारलं होतं. किती वेळ लागला मला माहीत नाही. मला तो जन्मभराइतका वाटला. मग कॉरिडॉरमधून खडखडाट ऐकू आला. मोडलेल्या चाकाची बाजू तिनं हातांनी उचलून धरली होती आणि उरलेल्या चाकांवर ते धूड ओढत आणत होती. प्लग लावला. गिरणी सुरू झाली. त्या दिवसाएवढा गोड आवाज मी कधी ऐकला नाही. सिस्टरनी नळी आत घातली, घाण बाटलीत आली, आणि अन्वरभाईंनी एक मोठा, खरखरीत श्वास घेतला. मग दुसरा. तेवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांनी पुढचं हातात घेतलं.

बायको रडत होती. आम्ही सगळ्याच रडत होतो, थोड्या फार. सबनीस मॅडम सोडून.

त्या वळल्या आणि म्हणाल्या, "चार नंबरची विद्यार्थिनी कोण?"

रूपाली भिंतीला टेकून धापा टाकत होती. दोन्ही तळवे लोखंडानं सोलवटलेले.

"काम चालू असताना खाट सोडलीत."

"व्हय मॅडम."

प्राचार्य आले होते. कोणीतरी बोलावलं असणार. त्यांनी घाईघाईनं सांगायला सुरुवात केली, "मॅडम, जुनं मशीन दुरुस्तीला गेलं होतं, ते आजच परत आल्यामुळे—"

माझं डोकं सणकलं. म्हणजे कागदावर असं राहणार की मशीनचा काही प्रश्नच नव्हता आणि ही मुलगी उगाच खाट सोडून हुंदडायला गेली. मी म्हटलं, "दुरुस्तीला नव्हतं, सर. अडगळीत होतं. काल तुम्हीच हलवायला सांगितलंत, आणि ही तेच आणायला गेली."

प्राचार्य पुढं कित्येक महिने माझ्याशी शिपायामार्फत बोलत होते.

सबनीस मॅडमनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "मशीनबद्दल मला जे लिहायचं ते मी लिहीन. तो शाळेचा प्रश्न. मी आत्ता हिच्याबद्दल बोलतेय. पळत जाणाऱ्या नर्स मी पुष्कळ पाहिल्या, बाई. सगळ्या एका बाजूला पळतात आणि मागं राहिलेला म्हातारा खाली पडतो. नऊ नंबर वाचला, आनंद आहे. चार नंबर पडला असता तर? मला एवढंच सांगा, जाताना कठडा वर केला होता का?"

आम्ही सगळ्यांनी चार नंबरकडं पाहिलं.

कठडा खाली होता.

लेले काका चादरीखाली, भिंतीकडं तोंड करून, शांत. ते कधी शांत नसत. त्या क्षणी मला वाटलं, पोरीनं सगळं गमावलं. म्हैस, टेम्पो, तीन वर्षं, सगळं.

रूपालीचा चेहरा पांढराफटक. "म्या वर केलता, मॅडम. शपथ. दोन्ही बाजूचं केलतं. चादर घातली आन काकांना म्हनलं, हलू नका."

"कोणी पाहिलं?"

कोण पाहणार? सगळ्यांचे डोळे नऊ नंबरवर. मी इन्चार्ज सिस्टरकडं बघितलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाकी मुली खाली बघायला लागल्या. खोटं सांगायला एखादी तयार झालीही असती, पण सबनीस मॅडमसमोर खोटं बोलायची कोणाची छाती नव्हती. माझी होती. मी तोंड उघडणार होते. पण मी नुकतीच प्राचार्यांना खोटं पाडून मोकळी झाले होते.

"मग कठडा आपोआप खाली आला?" मॅडमनी विचारलं.

रूपालीचं ते सोललेल्या हातांनी गणवेशाची कड चुरगाळणं मला बघवेना. आता एकच माणूस उरला होता विचारायला, आणि तो माणूस सकाळपासून दुसरी मुलगी मागत होता. मला खात्री होती, काका म्हणणार, मला कळतच नाही ही काय बोलते नि काय करते. पण दुसरा इलाज नव्हता. मी खाटेजवळ गेले.

"काका, ही मुलगी गेली तेव्हा कठडा वर केला होता का हिनं?"

काकांनी मान वळवली. चेहरा रागानं फुललेला.

"आता विचारताय? आता वेळ मिळाला आपल्याला? केव्हापासून ओरडतोय मी! कठडा वर केला का म्हणे. केला! इतक्या जोरात केला की माझी बोटं सापडली त्यात. ही बघा." त्यांनी चादरीतून उजवा हात बाहेर काढला. दोन बोटं लालभडक, सुजायला लागलेली. "हाका मारतोय, मारतोय, कोणी लक्ष देईल तर शपथ. शेवटी त्या झाडूवाल्या बाईंना बोलावून खाली करवला, तेव्हा हात सुटला. अर्धं अंग ओलं, बोटं चेचलेली, आणि वर हलू नका म्हणे! हे हॉस्पिटल आहे की पोलीस चौकी? तक्रारवही आणा. मला लेखी द्यायचंय."

झाडूवाल्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी झाडू उंचावून होकार भरला.

मला हसू आलं की रडू, आठवत नाही. बहुतेक दोन्ही. सबनीस मॅडमनी काकांची बोटं नीट पाहिली, वाकून कठड्याची खाच पाहिली. मग त्यांच्या टाचणीएवढ्या अक्षरात लिहिलं.

"पेशंटची सुरक्षितता, गुण दिले," त्या म्हणाल्या. "बोटांबद्दल एक कापला. कठडा लावताना हात कुठं आहे ते बघायचं असतं."

"व्हय मॅडम."

"पळण्याचे गुण या तक्त्यात नाहीत. त्याला मी काही करू शकत नाही."

"व्हय मॅडम."

"मग उभ्या काय राहिलात? पाणी गार झालं असेल. हात धुवा, पट्टी बांधून हातमोजे चढवा, पाणी बदला. पेशंटचं अर्धं अंग राहिलंय."

रूपाली आधी काकांजवळ गेली. त्यांचा हात हातात घेऊन बोटं एकेक हलवून बघितली, आयाबाईंकडून बर्फ मागवला, रुमालात गुंडाळून बोटांवर ठेवला. मग पट्टी बांधून घेतली आणि गरम पाणी आणून राहिलेलं अंग पुसायला लागली. पट्टीमुळं टॉवेल तिच्या हातातून सारखा निसटत होता. काकांना ते कळत असणार. कुरकुरण्यासाठी यापेक्षा चांगली संधी त्यांना मिळाली नसती, पण ते छताकडं बघत पडून राहिले.

निकाल लागेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता आणि माझाही. मॅडमनी तिला काठावर पास केलं होतं. तो एक बोटांचा गुण परत दिला असता तर थोडा मोकळा श्वास मिळाला असता, पण नाही दिला. मी त्यांच्या जागी असते तर दिला असता, आणि म्हणूनच बहुधा मला कोणी बाहेरची परीक्षक म्हणून फारसं बोलावलं नाही. मॅडमनी मशीनबद्दलही जे लिहायचं ते लिहिलं. पुढच्या परीक्षेला जुनं मशीन वॉर्डातच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी प्राचार्यांनी ते पुन्हा हलवायला लावलं. मी भांडले, मशीन परत आणलं, पण दर वर्षी भांडावं लागलं, आणि मी निवृत्त झाल्यावर कोण भांडतं ते मला माहीत नाही.

नोंदणीचा नंबर आला त्या आठवड्यात रूपाली माझ्या घरी आली. बरोबर वडील, टोपी डोक्यावर, आणि वडिलांच्या हातात मोठा पितळी डबा.

"म्हस व्याली, मॅडम," ते म्हणाले. "खरवस हाय."

तीच म्हैस. जी विकायची नाही म्हणून पोरीला परत न्यायला निघाले होते. मी डबा घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत उभी राहिले. डोळे पुसायला वेळ हवा होता.

रूपाली म्हणाली, "मॅडम, लेले काकांचं घर दाखवा की."

आम्ही चालत गेलो, दोन गल्ल्या. काका वॉकर घेऊन दाराशी आले. आम्हाला पाहिलं, म्हणाले, "दुपारी एक ते चार मी झोपतो, हे पाटीवर लिहिलंय." मग बाजूला झाले, आत घेतलं.

रूपालीनं पिशवीतून दुसरा, छोटा डबा काढला आणि वाटीत खरवसाच्या चार वड्या घालून समोर ठेवल्या. काकांनी एक तोंडात टाकली. दोन बोटं अजून पुरती वाकत नव्हती. चावता चावता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय? साखरच नाही यात!"

"न्हाईच घातली," रूपाली म्हणाली. "तुमची केस मीच लिवली हुती ना, काका. तुमाला शुगर हाय."

काकांनी तिच्याकडं पाहिलं. मग राहिलेल्या वड्या एकेक करून खाल्ल्या आणि रिकामी वाटी तिच्यापुढं केली.